तीनदा, चारी दिशांना

आंबरकोंडावर डोंगर उतरला तेव्हा हर्षदा ढेबे दरड-केंद्रातल्या खुर्चीवर बसून भडंग खात होती. इरफान मुजावरने घरून आणलेलं, लसणाचं. नंतर कितीतरी दिवस तिला त्या लसणाच्या वासाचीसुद्धा लाज वाटत राहिली.

"मॅडम," इरफान म्हणाला आणि पुढे काही बोललाच नाही. एरवी त्याचं तोंड बंद करायचं तर आत चहा ओतावा लागायचा.

भिंतीवरच्या नकाशात आंबरकोंडाच्या वरच्या अंगाचे खांब विझले होते. खालचे, ओहोळाकाठचे, तेवढे लुकलुकत होते. श्रावण सरत आला होता. सरीमागून ऊन, उन्हामागून सर. असल्या गोड दिवशी डोंगर जागा सोडेल असं कुणाच्या मनात यावं? पण आठवडाभर पाणी पिऊन जडावलेली माती ऊन पडल्यावरच सुटते, हे हर्षदाला ठाऊक होतं. तिचं माहेरच आंबरकोंडातलं. आई तिथे होती, भाऊ होता, वहिनी आणि वहिनीची दोन पोरं होती.

खांबांच्या त्या जाळ्याचं नाव कानोसा. घाटमाथ्यावर दरडी दरसालच्या झाल्या, तेव्हा वाडी-वाडीला हे खांब रोवले गेले. उंचीला माणसाएवढे, डोक्यावर सौरपट्टी आणि पायाशी जमिनीत खोल शिरलेला कान. ढिगाऱ्याखालचं कण्हणंही त्या कानाला ऐकू येई. अडचण ऐकण्याची नव्हती, ओळखण्याची होती. दरड पडली की सारा डोंगर ओरडत असतो. वरून लोक हाका मारतात, कुत्री रडतात, पाणी बोलतं. त्या कलकलाटातून मातीखालच्या माणसाची हाक निवडायची कशी? तर ते त्याच्याच माणसांनी सांगायचं. घरच्या कुणीतरी फोनवर लिहून द्यायचं, की आमचा माणूस असा हाकारेल, हे नाव घेईल, इतक्यांदा घेईल. संगणकवाले असल्या लिहिण्याला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. कानोसात त्याला नमुना म्हणत. नमुना केंद्रातून खांबांकडे जाई आणि प्रत्येक खांब आपल्या स्मृतीत त्याचं ओळखयंत्र बांधी. यंत्र लोखंडाचं नव्हे. नुसत्या पायऱ्या. एक आवाज जुळला की एक पायरी वर, पुढचा जुळला की आणखी एक. शेवटची पायरी गाठली की खांब सांगायचा, इथे खणा.

पण या यंत्राला मोजता येत नाही. त्याला बोटं नाहीत. 'तीनदा' म्हटलं की ते पायऱ्यांची तीच रांग तीन वेळा बांधतं. 'हे सगळं चार वेळा' म्हटलं की त्या तिन्ही रांगांच्या पुन्हा चार-चार प्रती. 'हाक लांबली तरी चालेल' म्हटलं की प्रत्येक प्रतीत, लांबेल तितक्या, आणखी पायऱ्या. लिहिणाऱ्याची एक ओळ असते, बांधणाऱ्याच्या डोक्यावर डोंगर होतो.

दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका खोऱ्यात कुणा रिकामटेकड्याने गंमत म्हणून असाच एक नमुना पाठवला होता. कंसात कंस, पटीवर पट. दिसायला वीतभरसुद्धा नव्हता. तो बांधता बांधता खोऱ्यातल्या एकूण एक खांबाची स्मृती भरली आणि खांब ठार बहिरे झाले. त्याच सकाळी तिथली एक वस्ती ढिगाऱ्याखाली होती.

त्यानंतर हर्षदाने मर्यादा घातली. नमुना आला की आधी नुसता अंदाज घ्यायचा, किती पायऱ्या लागतील. नेमून दिलेल्या जागेत मावत नसेल तर बांधायला हातच लावायचा नाही, कारण जागा संपल्यावर ती पुरली नाही हे कळून काय उपयोग? नमुना कलेक्टरचा असो नाहीतर गुराख्याचा, मर्यादा सगळ्यांना सारखी. नाकारलेल्या नमुन्याला उत्तर जायचं, 'नमुना मोठा आहे. कमी करा.' काय कमी करा, ते सांगायचं नाही. तेही हर्षदाचंच म्हणणं. खोडी काढणाऱ्याला कुठला भाग जड पडला ते सांगितलं, की पुढच्या खेपेला तो अगदी काठोकाठ मावणारा नमुना पाठवणार. अनोळखी माणसाला दार का उघडत नाही ते सांगत बसायचं नसतं, असं ती बैठकीत म्हणाली होती, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

वहिनीचा फोन लागला तेव्हा मागे माणसांचा गलका होता.

"वहिनी! पूनम! कुठं आहेस तू?"

"खाली, पुलापाशी. बाजाराला आले हुते, वन्सं. वर जाऊ देत न्हाईत. पोरं घरात हायती. आत्याबाई घरात न्हाईतर गोठ्यात. ह्यांचा फोन लागला, ते म्हशी घेऊन पल्याड पठाराच्या सड्यावर हायती. पोरं घरात हायती वो, वन्सं."

"ऐक. नमुना पाठव. आपली हाळी लिही, तिघांची नावं लिही. कितीदा ते लिही. आत्ता, लगेच."

"तुम्हीच लिवा की. तुमाला येतंय चांगलं."

हर्षदाचं बोट कळफलकावर गेलं आणि थांबलं. केंद्रातल्या माणसाने आपल्या घरचा नमुना लिहायचा नाही असा दंडक होता. आपल्या माणसासाठी कोण काय करून बसेल, सांगता येतं का? हाही दंडक तिचाच.

"मला नाही लिहिता येत इथून. तू लिही. तुला सगळं माहीत आहे."

"लिवते," वहिनी म्हणाली, आणि फोन बंद झाला.

आंबरकोंडात घरागणिक हाळी वेगळी. ढेब्यांची म्हणजे आधी लांब हुंकार, मग 'ढेब्याऽऽ', आणि त्यामागून आपलं स्वतःचं नाव. कोण चुकलंय, कोण अडकलंय, ते पल्याडच्याला कळावं म्हणून. आणि एकेरी हाकेला तिथे कुणी ओ देत नाही. एकेरी हाक चकव्याची. माणूस असेल तर तीनदा हाकारेल, आणि तीनदा हाकारून गप्प बसणार नाही, चारी दिशांना हाकारेल, कारण तिथल्या दऱ्या हाक उचलतात आणि भलतीकडेच नेऊन टाकतात. पोरांना ध्यानात राहावं म्हणून हर्षदाची आई भागूबाई, म्हणजे वहिनीच्या आत्याबाई, ताक घुसळताना म्हणायची,

पहिली माझी हाळी, उगवत्या गं दिसाला,
दुसरी माझी हाळी, मावळतीच्या वाटंला,
तिसरी माझी हाळी, वर डोंगरमाथ्याला,
चौथी माझी हाळी, खाली माझिया गोठ्याला.

हर्षदा हे ऐकत वाढली, वहिनी ऐकत नांदली, आणि आता वहिनीची पोरं, आरुषी आणि शंभू, तेच म्हणत होती.

नमुने येत राहिले. पडद्यावर त्यांची नुसती संख्या दिसायची. घरातली बोलणी केंद्राने वाचू नयेत म्हणून मजकूर झाकलेला.

"बरेच परत जातायत, मॅडम," इरफान म्हणाला. "मर्यादा जरा उचलू या? आजच्या दिवस?"

"वरचे खांब गेलेत, इरफान. खालचे उरलेत तेवढेच कान आहेत आपल्याला. तेही बहिरे झाले तर?"

"तुमच्या घरचं माणूस आहे त्यात, म्हणून म्हटलं."

"म्हणूनच नको."

तिचं चुकत नव्हतं, हे इरफानलाही कळत होतं. त्या दिवशी खालच्या खांबांनी कितीतरी माणसं दाखवली. मर्यादा नसती तर त्यांतली एकही दिसली नसती.

दिवस कलायच्या आधी पडद्यावर अक्षरं उमटली. 'ढेबे. आरुषी.' आणि थोड्या वेळाने, 'ढेबे. शंभू.' दोन्ही एकाच जागेवरून. पथकाने खणलं. माजघराची तुळई तिरकी पडून खाली कोनाडा झाला होता आणि त्यात दोघं भावंडं चिखलाने माखून, घसा बसेपर्यंत हाळी घालत होती. इरफानने उठून हर्षदाच्या खांद्यावर हात ठेवला, मग आपण काय केलं ते कळून पटकन काढून घेतला. ती हसली. रडली. पुन्हा पडद्याकडे बघत बसली. आता तिसरं नाव येईल.

ते आलं नाही.

ओहोळाच्या खांबावर तेवढी एक खूण अधूनमधून उमटत होती. 'माणसाचा आवाज. नमुना नाही.' पण तसल्या खुणा साऱ्या डोंगरभर होत्या. खणणारे ओरडत होते, रडणारे रडत होते. कुठे कुठे खणणार?

भागूबाई नंतर सापडली. गोठा मुळासकट वाहून खाली आला होता, त्याच्या आढ्याखाली, ओहोळाच्या खांबापासून हाकेच्या अंतरावर.

*

वाडीतली वाचलेली माणसं पायथ्याच्या शाळेत ठेवली होती. एकेका वर्गात तीन-तीन बिऱ्हाडं, मध्ये बाकांची भिंत. सुतक चालू होतं. तिचा भाऊ, लक्ष्मणदादा, दारात गुडघ्यांत डोकं घालून बसलेला. वहिनी आत भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर शंभू झोपलेला.

हर्षदा तिच्याजवळ बसली.

"वन्सं," वहिनी हळूच म्हणाली, "एक सांगायचं हाय. ह्यांना न्हाई सांगितलं."

"सांग की."

"म्या नमुना धाडला. तिघांची नावं घालून. तुमच्या मशिनीनं परत धाडला. मोठा हाय म्हणाली, कमी करा." तिने शंभूच्या केसांतून बोटं फिरवली. "मला काय कळंना, काय कमी करू? हाळी तर पुरी पायजे. एकेरी लिवली तर चकव्याची हुईल. चारी दिशा पायजेत. मग ऱ्हायली नावं. तर म्या..."

हर्षदाला पुढचं वाक्य आधीच ऐकू आलं, आणि तरी ते वहिनीच्या तोंडून यायचं थांबलं नाही.

"म्या आत्याबाईंस्नी कमी केलं."

वर्गात पलीकडच्या बिऱ्हाडाचा कुकर शिट्टी देत होता.

"पोरांतलं एक काढलं असतं, ते झालं न्हाई माझ्यानं. आत्याबाईंचं नाव काढलं आन लगेच घेतला मशिनीनं. लगेच. जणू वाटच बघत हुती." वहिनीने पहिल्यांदा मान वर केली. "तिन्ही मावली नसती न्हवं, वन्सं? तुम्हीच ठरवलंय ना किती मावतंय ते? तिन्ही न्हवतीच मावत. व्हय ना?"

"मला बघावं लागेल," हर्षदा म्हणाली.

*

खांब न जुळलेले आवाजही काही दिवस सांभाळून ठेवतात, मग पुसून टाकतात. ओहोळाच्या खांबाचं ध्वनिमुद्रण अजून होतं. कुटुंबाच्या परवानगीने ते आणि झाकलेले नमुने उघडता येत, आणि कुटुंब तीच होती.

इरफान म्हणाला, "मी ऐकतो. तुम्ही बाहेर बसा."

"नको."

आधी नुसतं पाणी. मग पाण्यात बुडालेला एक हुंकार, मग 'ढेब्याऽऽ', मग आईने घेतलेलं स्वतःचं नाव. सासरी-माहेरी कुणी कधी नावाने हाक मारली नसेल अशी ती बाई. सगळे आई म्हणत, आत्याबाई म्हणत, आज्जे म्हणत. आपलंच नाव ती कुणा परक्याला ओळख करून द्यावी तसं घेत होती. तीनदा. मग थांबली. आढ्याखाली तिला वळता येत नव्हतं, तरी दिशा बदलल्यासारखी जरा थांबली, आणि पुन्हा तीनदा. सगळं पुरं केलं तिने. एक हाक गाळली नाही.

हर्षदाने वहिनीचा पहिला नमुना, तिन्ही नावांचा, केंद्रातल्या मोठ्या संगणकावर मर्यादा काढून बांधला आणि त्याला ते मुद्रण ऐकवलं. शेवटच्या हाकेला तो जुळला.

मग तिने नावं तशीच ठेवली आणि चार दिशांच्या जागी एकच लिहिली. एवढंच. अंदाज पुन्हा काढला. पायऱ्या पाव हिश्श्यावर आल्या होत्या. तिन्ही नावं आरामात बसली. आणखी चार माणसांची बसली असती. मुद्रण ऐकवलं तर यंत्र पहिल्याच दिशेला जुळलं, आईचा आवाज अजून खणखणीत होता तेव्हाच.

नावं जड नव्हतीच. जड होत्या वेळा. नाव म्हणजे मूठभर पायऱ्या, पण प्रत्येक फेरीत ती मूठ पुन्हा भरावी लागे, म्हणून एक नाव काढलं की नमुना कसाबसा मावायचा. आणि हे वहिनीला कुठून कळावं? तीनदा आणि चारी दिशांना म्हणजे तिच्या लेखी माणूसपणाची खूण. ती कोण कापेल? आंबरकोंडातली कुठलीच बाई कापणार नाही. हर्षदानेही कापली नसती, वाडीत असती तर. पण ती वाडीत नव्हती. ती खुर्चीवर होती, आणि 'कमी करा' हे दोन शब्द तिचे होते.

"मॅडम, बंद करा आता," इरफान म्हणाला.

तिने बंद केलं.

"वहिनींना सांगणार?"

"विचारलंय तिने."

"सांगा की मावत नव्हती. खलास. बाईने पोरं वाचवली, त्यावर जगू दे तिला. खोटं बोलायचं पाप लागलं तर माझ्या नावावर घाला, माझ्या खात्यावर तशीही गर्दी आहे."

हर्षदा किंचित हसली. मग म्हणाली, "आणि संदेश?"

"कुठला?"

"नाकारल्याचा. तो बदलायलाच हवा ना आता? काय कमी करायचं ते सांगायला हवं. डोंगरात अजून किती वाड्या आहेत. सगळीकडे हाळी आहे, सगळीकडे तीनदा आहे. पुढच्या दरडीला दुसरी कुणी पूनम आपल्या सासूला कमी करेल, नाहीतर बापाला. खोडकरांचं मी बघून घेईन, मर्यादा आहेच. पण लोकांनी आधीच शिकून ठेवावा म्हणून बदललेला संदेश सगळ्या फोनवर जाणार. वहिनीच्याही."

इरफानने भडंगाचा रिकामा डबा उगाच झाकण लावून ठेवला.

"म्हणजे तिला कळणारच."

"फोनवरून कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळू दे."

*

शाळेच्या व्हरांड्यात वहिनी आरुषीची वेणी घालत होती. हर्षदाला बघून पोरगी उठायला गेली, तर वहिनीने पेड ओढून तिला खाली बसवलं. "पुरी हू दे आधी. आत्या कुठं पळून चालली व्हय?"

वेणी झाली. रिबिनीचं फूल झालं. पोरगी पळाली. मग हर्षदाने सांगितलं.

तिने फिरवून सांगितलं नाही. तिन्ही नावं मावली असती, म्हणाली. एकच दिशा लिहिली असती तर मावली असती. मशीन वेळांना भीत होतं, नावांना नाही. आणि ते तुला सांगायचं नाही असं ठरवणारी मी. तुझी काही चूक नाही, वहिनी, असंही म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला कळलं की हे वाक्य कुठेच पोचत नाही.

वहिनीच्या हातात कंगवा होता. त्यात अडकलेले पोरीचे केस ती काढत राहिली, एकेक, बोटाला गुंडाळत.

"आत्याबाईंनी हाळी घातली?"

"हो."

"पुरी?"

"पुरी."

"स्वतःचं नाव घेऊन?"

हर्षदाने मान हलवली.

"मला वाटलं हुतं, गोठ्यात जागच्या जागी गेल्या असतील. तसं वाटून झोपत हुते म्या." वहिनीचा आवाज चढला नाही, उलट बसत गेला. "कशाला सांगितलंत, वन्सं? म्या काय मागितलं हुतं तुमच्यापाशी? न्हाई मावत म्हणायचं हुतं. एवढंच म्हणायचं हुतं."

"हे सगळ्यांना कळवणार आहे, वहिनी. फोनवर. तू ते वाचलंस असतंस."

"सगळ्यांना?"

"सगळ्या वाड्यांना."

मैदानात आरुषी आणि शंभू दुसऱ्या पोरांबरोबर आट्यापाट्या खेळत होते, आणि बाद झालेला शंभू बाद नाही म्हणून भांडत होता. त्याचा घसा अजून पुरता सुटला नव्हता.

"काय लिवलंय?" वहिनीने विचारलं.

हर्षदाने फोन पुढे केला. 'नमुना मोठा आहे. वेळा आणि दिशा कमी करा, एकदा लिहिलं तरी चालेल. नावे कमी करू नका.'

वहिनीने वाचलं. पुन्हा वाचलं. तिचे ओठ अक्षरांबरोबर हलत होते.

"नावांचं आधी लिवा," ती म्हणाली. "त्या वक्ताला पुढचं वाचत न्हाई माणूस. 'कमी करा' दिसलं की हात चालतोच."

हर्षदाने तिथेच बसून बदललं. 'कुणाचेही नाव काढू नका' हे वर घेतलं, बाकीचं खाली.

"आसं?" फोन दाखवत तिने विचारलं. बोलता बोलता ती माहेरच्या बोलीत आली होती, तिचं तिलाच कळलं नाही.

वहिनीने पाहिलं नाही. ती उठली, बोटाला गुंडाळलेली केसांची गुंडी तिने कठड्यापलीकडे टाकली. "जावा आता," म्हणाली. "ह्यांना म्या सांगते. तुम्ही नका सांगू. आन वन्सं, दहाव्याला या. त्याच्यानंतर थोडं दिवस नका येऊ. तुमचा आवाज आला की मला त्यो दिवस ऐकू येतोय."

चहाचं कुणी विचारलं नाही. दारात बसलेल्या लक्ष्मणदादाने मान वर करून बहिणीकडे बघितलं आणि जागा देण्यासाठी पाय आखडून घेतले.

फाटकापाशी गाडीत बसून हर्षदाने संदेश एकदा वाचला आणि पाठवला.

शाळेतले फोन वाजू लागले. आधी एक, मग दोन, मग वर्गावर्गांतून. बाकांच्या भिंतींमागे, वळचणीला टांगलेल्या पिशव्यांत, कुणाच्या झोळीत, कुणाच्या कमरेला. माणसं हातातलं काम टाकून फोन बघू लागली. त्यांतला एक वहिनीचा होता. कुठला, ते हर्षदाला एवढ्या आवाजांतून ओळखता आलं नाही.